मुंबईचा एक आकडा आणि आपल्या गल्लीतली हवा

पूर्वेकडची (धागाकर्ती), ६ डिसेंबर

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे असून गेली ९ वर्षे त्यांना सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट विकाराचा, त्रास आहे. आम्ही चेंबूरला एका रहदारीच्या रस्त्यालगत राहतो. धाकटी बहीण बोरिवली पश्चिमेला, गोराई खाडीच्या बाजूला राहते. गेले तीन हिवाळे मी एक गोष्ट पाहते आहे. बाबा तिच्याकडे राहायला गेले की दोन-तीन दिवसांत त्यांना श्वासाचा पंप कमी लागू लागतो, रात्रीची खोकल्याची उबळ उतरते आणि ते स्वतःहून खाली फिरायला जातात. इकडे परतले की आठवड्याभरात पुन्हा पहिल्यासारखे होते.

मात्र त्या दिवसांत माझ्या आणि बहिणीच्या फोनवर ‘मुंबई’ म्हणून हवेच्या गुणवत्तेचा एकच आकडा दिसत असतो. तोच आकडा रात्रीच्या बातम्यांत सांगतात. जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात हवा खरोखर इतकी बदलते का, की हा माझ्या मनाचा खेळ आहे? बदलत असेल तर कशामुळे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इथेच राहायचे असेल तर बाबांना कोणत्या वेळी आणि कुठे फिरायला न्यावे? आमचा आजवरचा नेम सकाळी साडेसहाचा आहे.

खारेवारे

हा मनाचा खेळ नाही. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो आणि हवामान हा माझा अनेक वर्षांचा अभ्यासाचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. माणसाच्या केसाची जाडी साधारण याच्या वीस ते तीस पट असते. हे कण नाकात किंवा घशात फारसे अडकत नाहीत, फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात. मात्र ते सगळे एका जातीचे नसतात. काही कण जागच्या जागी जन्मतात. डिझेलच्या धुरातली काजळी, लाकडाच्या भट्टीचा धूर, जळणारा कचरा ही त्यांची उगमस्थाने. दुसरे कण हवेतच तयार होतात. गंधकाचा डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अमोनिया यांच्या अभिक्रियांतून सल्फेट आणि नायट्रेटचे कण बनतात. त्याला काही तासांपासून काही दिवसांपर्यंतचा अवधी लागतो आणि तोवर हवा दूरवर गेलेली असते. त्यामुळे हा दुसरा वाटा शहरभर, किंबहुना शहराच्या बाहेरही, बऱ्यापैकी सारखा पसरलेला असतो. पहिला वाटा मात्र रस्त्यागणिक आणि तासागणिक बदलतो. तुमच्या घरातली हवा म्हणजे या दोहोंची बेरीज.

आता चेंबूर आणि गोराईविषयी. मुंबईत दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री आणि पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात. खारे वारे गोराईला पोहोचतात तेव्हा ते नुकतेच समुद्रावरून आलेले असतात. तेच वारे चेंबूरला पोहोचेपर्यंत वांद्रे, सांताक्रूझ, कुर्ला असे अर्धे शहर ओलांडून, वाटेतल्या वाहनांचा आणि भट्ट्यांचा धूर घेऊन आलेले असतात. पूर्व उपनगरे वाऱ्याच्या दिशेने शहराच्या शेपटाकडे आहेत, असे म्हटले तरी चालेल.

तराजू

खारेवारे यांचे विवेचन मान्य आहे, पण त्यातून वाचकांचा असा समज होईल की गल्ली बदलली की हवा बदलते. पीएम २.५ च्या बाबतीत हे अर्धसत्य आहे. रस्त्यालगत झपाट्याने बदलतात ते अतिसूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५ मधलेही सर्वांत लहान कण, आणि काजळी. लॉस एंजेलिसच्या महामार्गांजवळ २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत जी मोजणी झाली, तीत अतिसूक्ष्म कणांची संख्या रस्त्यापासून सुमारे ३०० मीटरवर आसपासच्या पातळीला उतरलेली आढळली. पीएम २.५ चे वस्तुमान मात्र त्या प्रमाणात घटत नाही, कारण त्यातला मोठा भाग दुरून आलेला असतो. म्हणून मला वाटते की गल्लीगल्लीत यंत्रे बसवण्यापेक्षा संपूर्ण प्रदेशातील वीजकेंद्रे, कारखाने आणि जळण यांवर लक्ष द्यावे.

भायखळ्याचा_जिना

तराजू, आपण माझ्या घरी एक रात्र मुक्काम करावा अशी विनंती आहे. आमच्या इमारतीच्या मागील भिंतीला लागून एक बेकरी आहे. पहाटे दोन ते पाच तिची भट्टी पेटलेली असते आणि तीत मोडक्या फर्निचरचे लाकूड जाळले जाते, ज्यावर रंग, पॉलिश, डिंक सगळे असते. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीच्या जाळीवर रोज सकाळी काळा थर असतो. पुढच्या बाजूला, त्याच मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या जाळीवर तो नसतो. त्या शेजाऱ्यांच्या आणि माझ्या घरात अंतर आहे चाळीस फुटांचे.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला, तेव्हा आमच्या जिन्यात पेढे वाटावेत असे वाटले होते. मात्र मी बेकरीवाल्यांच्या विरोधात नाही. त्यांच्या पावावर आम्ही सगळे वाढलो आहोत. भट्टी बदलण्याचा खर्च त्या लहान माणसाच्या आवाक्यातला नसतो आणि तो कोणी उचलायचा याचे उत्तर मिळाल्याखेरीज आदेश भिंतीपलीकडे पोहोचत नाही.

तराजू

आपला अनुभव मी नाकारत नाही. भट्टी चाळीस फुटांवर असेल तर अंतराचा नियम वेगळाच लागू होतो, आणि तिथे माझे वरचे विधान अपुरे पडते हे मान्य करतो.

बोरिवली_पूर्व

धागाकर्तीच्या बहिणीचे घर गोराई खाडीजवळ आहे हे वाचून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ३० डिसेंबर २०२४ रोजी महापालिकेने मुंबईतील दोन भागांत सर्व बांधकामे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला होता. एक भाग होता भायखळा आणि दुसरा बोरिवली पूर्व, म्हणजे आमचा. तिथला हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २०० च्या वर गेला होता. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला खेटून राहणाऱ्या आम्हा लोकांना, आपली हवा मुंबईत सर्वांत चांगली, असा जो अभिमान होता तो त्या दिवशी गळून पडला. स्टेशनच्या पश्चिमेला खाडी आणि समुद्र, पूर्वेला द्रुतगती महामार्ग, पुनर्विकासाची खोदकामे आणि मागे डोंगर. उपनगराचे नाव एक, पण हवा दोन प्रकारची.

तेव्हा ‘चेंबूरची हवा’ किंवा ‘बोरिवलीची हवा’ असे म्हणतानाही जपून राहावे असे मला वाटते.

गणिती

गेल्या दोन हिवाळ्यांतील मुंबईच्या हवा मोजणाऱ्या केंद्रांच्या तासातासाच्या नोंदी मी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतल्या होत्या. काही केंद्रांच्या नोंदींत मोठे खंड आहेत, म्हणून केंद्रांची क्रमवारी इथे देत नाही. गाळलेल्या दिवसांमुळे ती अन्यायकारक ठरेल. पण एक गोष्ट आलेख काढताच डोळ्यांत भरते. जवळजवळ सगळी केंद्रे एकाच वेळी वर चढतात आणि एकाच वेळी खाली येतात. वारा पडला की कुलाबाही चढतो आणि देवनारही चढते. वारा सुटला की दोन्ही उतरतात. तरीही काही केंद्रे बहुतेक सर्व दिवस इतरांच्या वरच राहतात. चढउतार शहराचा असतो, पातळी वस्तीची असते. खारेवारे आणि तराजू यांचा वाद मला यामुळे वाद वाटत नाही. एक जण चढउताराबद्दल बोलतो आहे, दुसरा पातळीबद्दल.

धागाकर्तीच्या फोनवरील आकड्याविषयीही सांगतो. आपल्याकडचा निर्देशांक पीएम २.५ साठी २४ तासांच्या सरासरीवर काढतात, आणि शहराचा म्हणून जो आकडा प्रसिद्ध होतो तो केंद्रांच्या सरासरीतून येतो. एक सरासरी वेळेची, दुसरी जागेची. पहाटेचा वाईट तास दुपारच्या चांगल्या तासांत विरघळतो, माझगावची हवा कुलाब्याच्या हवेत विरघळते आणि उरतो तो आकडा कोणाच्याच नाकाशी जुळत नाही. शिवाय निर्देशांक म्हणजे मोजलेल्या सर्व प्रदूषकांपैकी ज्याचा उपनिर्देशांक सर्वाधिक, तो. काही दिवशी तो पीएम १० चा असतो, म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचा, बहुतांशी धुळीचा, आणि आपण समजतो सूक्ष्म कणांचा.

दोन ॲप दोन आकडे दाखवतात तेव्हा घाबरू नये, आधी मोजपट्टी पाहावी. पीएम २.५ घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय पट्टीवर ते १०० म्हणजे ‘समाधानकारक’ची शेवटची पायरी, अमेरिकी पट्टीवर मात्र १५० च्या पुढे. म्हणून निर्देशांकाऐवजी मायक्रोग्रॅममधला आकडा आणि आपल्या जवळच्या केंद्राचे नाव पाहण्याची सवय लावावी.

सिग्नलवर_उभा

मी १९ वर्षे रिक्षा चालवतो. माझा बहुतेक धंदा घाटकोपर, मानखुर्द, चेंबूर, कुर्ला या पट्ट्यात आहे. इथे सगळे घराच्या हवेबद्दल लिहीत आहेत. मी दिवसातले अकरा तास घरी नसतो. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर ट्रक, डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर यांच्यामागे उभे राहिल्यावर जी हवा छातीत जाते, ती कोणत्या केंद्रावर मोजली जाते, हे मला जाणून घ्यायचे आहे. माझे तोंड सायलेन्सरपासून फार तर सहा-सात फुटांवर असते.

गणिती

दादा, प्रामाणिक उत्तर असे की ती कोणत्याही केंद्रावर मोजली जात नाही. मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हवा ओढणारे तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर ठेवतात आणि आसपास झाड, भिंत किंवा थेट धुराचे साधन नसावे असे पाहतात. त्यामागे कारण आहे. केंद्राने एका नळकांड्याची नव्हे तर परिसराची हवा सांगावी अशी अपेक्षा असते. पण त्यामुळे रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाचा श्वास नोंदीबाहेर राहतो. वाहतूक पोलीस, फेरीवाले, सफाई कामगार, सिग्नलवर फुले विकणारी मुले यांचेही तेच. वर तराजू म्हणाले की रस्त्यालगत पीएम २.५ चा फरक मर्यादित असतो. तो २४ तासांच्या सरासरीत मर्यादित असेल, डंपरच्या मागे उभ्या असलेल्या दोन मिनिटांत तो मर्यादित नसतो.

ट्रॉम्बेकर

खारेवारे यांनी मतलई वाऱ्याचे नाव घेतले म्हणून लिहावेसे वाटले. आम्ही कोळी. आमचे आजोबा पहाटेच्या मतलईवर होडी बाहेर काढत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. आज त्याच वाऱ्यांचा हिशेब आम्ही वासावरून ठेवतो. वारा कोणत्या बाजूने आहे हे डोळे मिटून सांगता येते.

आमच्या एका अंगाला ट्रॉम्बेची टेकडी आहे, दुसऱ्या बाजूला माहुल, तेलशुद्धीकरण कारखाने, खतकारखाना, औष्णिक वीजकेंद्र आणि रसायनांच्या टाक्या आहेत. उत्तरेला देवनारचे क्षेपणस्थळ आहे, जिथे १९२७ पासून शहराचा कचरा येतो. जानेवारी २०१६ मध्ये तिथे जी आग लागली तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला होता. त्या दिवसांत आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमच्याकडे लहानमोठे धुमसणे त्याआधीही होते आणि नंतरही राहिले. आगीची बातमी होते, धुमसण्याची होत नाही.

एक दुरुस्ती सगळ्यांसाठी. माहुलचा विषय निघाला की लोक सर्व काही पीएम २.५ च्या खात्यात टाकतात. ऑगस्ट २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-अंबापाडा प्रकरणात चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठोठावली, ती मुख्यतः बाष्पनशील सेंद्रिय संयुगांबद्दल होती, म्हणजे वायूंबद्दल. सूक्ष्म कणांचे यंत्र ते वायू दाखवत नाही. आकडा हिरवा असूनही डोळे चुरचुरत असतील तर माणूस खोटे बोलत नसतो. यंत्र वेगळी गोष्ट मोजत असते.

खारेवारे

ट्रॉम्बेकर, तुमच्या आजोबांचा वारा आणि माझ्या फळ्यावरचा वारा एकच आहे, हे वाचून फार बरे वाटले. त्यात एक भर घालतो. रात्री मतलई वारा शहरावरची मळकी हवा पश्चिमेला समुद्रावर नेऊन ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी खारा वारा तीच हवा काही प्रमाणात परत आणतो. म्हणून समुद्रावरून आलेला वारा नेहमीच निर्मळ असतो असे नाही. वारे जोरदार असतील तर हवा दूर जाते. मंद असतील तर ती किनाऱ्याजवळच येरझारा घालते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात, ला निना (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा गार असण्याची स्थिती) सलग तिसऱ्या वर्षी असताना, वाऱ्यांचा हा पालट मंदावल्याचे अभ्यासकांनी नोंदवले होते आणि त्या हिवाळ्यात मुंबईच्या हवेची तुलना दिल्लीशी होऊ लागली.

धागाकर्तीच्या साडेसहाच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. हिवाळ्यात रात्री जमीन गार होते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड व जड होऊन तळाशी बसते. वर झाकण ठेवल्यासारखी स्थिती होते. रात्रभराचे ट्रक, भट्ट्या, पहारेकऱ्यांच्या शेकोट्या, पहाटे झाडून पेटवलेला पालापाचोळा, या सगळ्यांचा धूर त्या उथळ थरात कोंडतो. सूर्य वर आला, जमीन तापली, की थर उंचावतो आणि तेवढाच धूर कितीतरी अधिक हवेत मिसळून विरळ होतो. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी सहा ते नऊ हा काळ बहुधा सर्वांत वाईट आणि दुपारी दोन ते पाच सर्वांत बरा. ‘पहाटेची शुद्ध हवा’ ही समजूत अशा शहरात, अशा ऋतूत, आपल्याला सोडावी लागेल. पावसाळ्यात मात्र ही अडचण बहुतांश उरत नाही.

वेताळटेकडी

पुण्याचा अनुभव याला दुजोरा देतो. डिसेंबरात सकाळी सातला वेताळ टेकडीवर उभे राहिले की खाली नदीच्या अंगाने शहरावर एक करडा-तपकिरी थर पसरलेला दिसतो आणि त्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ असते. टेकडीवर आपण उन्हात आणि खाली डेक्कन, शिवाजीनगर त्या थरात. दहा-साडेदहापर्यंत कड पुसट होते आणि मग नाहीशी होते. पुण्यात खारे वारे नाहीत, भोवती टेकड्या आहेत, त्यामुळे सखल भागात गार हवा साचते. टेकडीवर फिरणाऱ्यांची आणि नदीकाठच्या रस्त्यावर फिरणाऱ्यांची हवा त्या वेळी एक नसते, हे उंचीने दाखवलेले अंतर मला नकाशावरच्या अंतराइतकेच महत्त्वाचे वाटते. पाषाणला आपली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिथेच ‘सफर’ ही हवेच्या पूर्वानुमानाची यंत्रणा घडली. ती आधी २०१० मध्ये दिल्लीत, मग २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत सुरू झाली.

वैद्यकीय_वाचक

मी फुप्फुसाच्या रुग्णांबरोबर काम करते. धागाकर्तीचे निरीक्षण मोलाचे आहे, पण त्यातून निष्कर्ष काढण्याआधी एक प्रश्न विचारते. बहिणीच्या घरी गेल्यावर फक्त बाहेरची हवा बदलते का? तिथे जिना आहे की लिफ्ट? भिंतीला ओल आहे का? देवघरात धूप, रात्री मच्छर अगरबत्ती, स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा, या गोष्टी दोन्ही घरांत सारख्या आहेत का? वयस्कर माणसाचा बहुतांश वेळ घरात जातो, आणि बंद खोलीत पेटवलेली एक मच्छर अगरबत्तीही सूक्ष्म कण रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊ शकते.

औषधांबाबत एक विनंती. ॲपचा आकडा पाहून पंपाची मात्रा स्वतःहून कमी-जास्त करू नये. रोजची लक्षणे आणि पंपाचा वापर वहीत टिपावा आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. बाहेर जाताना एन-९५ मास्क नीट बसला तरच उपयोगी. पण सीओपीडीच्या काही रुग्णांना त्याने श्वास जड वाटतो, तेव्हा हेही डॉक्टरांना विचारूनच करावे.

स्वयंपाकघर

वैद्यकीय_वाचक यांच्या प्रश्नाला माझा एक साधा पुरावा. मुलाने घरी हवा मोजण्याचे छोटे यंत्र आणले. मिरचीची फोडणी घातली की त्याचा आकडा असा वर जातो की तो यंत्र बिघडले म्हणू लागला. खिडकी उघडी आणि पंखा चालू असेल तर तो लवकर उतरतो. खिडकी बंद असेल तर जेवणे होईपर्यंत तिथेच असतो. रस्त्यावरची धूळ नको म्हणून मी खिडकी बंद ठेवत असे. आता स्वयंपाकाच्या वेळी उघडते.

गणिती

अशी घरगुती यंत्रे कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतात. हवेत दमटपणा फार असेल तर कण पाणी शोषून फुगतात आणि यंत्र प्रत्यक्षाहून मोठा आकडा दाखवते. मंडळाच्या केंद्रांवर बहुधा बीटा किरणांची यंत्रे असतात. ती हवा पट्टीवर गाळून साचलेल्या कणांचे वस्तुमान मोजतात. म्हणून घरच्या यंत्राचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये, तुलना करावी: हीच खोली कालची आणि आजची, ही खिडकी आणि ती खिडकी. मुंबईच्या पावसाळ्यात तर तुलनाही जपून करावी.

तराजू

आणखी एक मुद्दा, ज्यावर मी ठाम आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती प्रामुख्याने पीएम १० वर जोखली जाते. त्यामुळे महापालिकांचा खर्च रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे यांकडे वळतो. फवाऱ्याने जाड धूळ बसते. भट्टीचा धूर किंवा सल्फेटचे कण बसत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी भोवतीच्या पत्र्यांच्या कुंपणाची उंची, ओले कापड, पाणी मारणे असे नियम काढले, ते आवश्यकच होते, पण ते प्रामुख्याने धुळीचे नियम आहेत. आपल्याकडे पीएम २.५ साठी वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ पर्यंत खाली आणली. या दोन आकड्यांमधले अंतर फवाऱ्याने भरून निघणार नाही.

बोरिवली_पूर्व

धुळीला इतके हलके लेखू नये. खोदकामाच्या जागेवर डंपर येतात, जनरेटर चालतात, आणि त्यांचा धूर सूक्ष्म कणांचाच असतो. आमच्या इमारतीसमोर काम सुरू झाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या आजी दिवसा खिडकीत बसेनाशा झाल्या आहेत. आम्ही छायाचित्रांसह तीनदा तक्रार केली, तेव्हा कुठे पत्रे उंचावले गेले. प्रादेशिक उपाय होईपर्यंत त्या आजींनी थांबायचे का?

तराजू

नाही, थांबू नये. दोन्ही एकाच वेळी हवे, हे मी मान्य करतो.

पूर्वेकडची (धागाकर्ती), २८ डिसेंबर

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे, कारण आपण सर्वांनी सांगितलेले काही करून पाहिल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

वैद्यकीय_वाचक यांचा प्रश्न वाचून मी प्रथम अस्वस्थ झाले आणि मग घरात फिरून पाहिले. आईच्या पश्चात बाबा रोज सकाळ-संध्याकाळ देवापुढे धूप घालतात, दार बंद करून, कारण धुराने शेजाऱ्यांना त्रास होऊ नये असे त्यांना वाटते. बहिणीकडे समईच असते. हे इतकी वर्षे माझ्या लक्षात आले नव्हते. त्यांना धूप बंद करा असे सांगणे मला जमले नाही. आम्ही आता धूपदान गॅलरीत ठेवतो आणि ते तिथेच उभे राहून, हात जोडून आत येतात. मच्छर अगरबत्तीऐवजी जाळी बसवली.

फिरण्याची वेळ दुपारी साडेचारची केली. मुख्य रस्ता टाळून, दोन इमारतींच्या आड असलेल्या वसाहतीतल्या बागेत जातो. सहकाऱ्याकडून छोटे यंत्र मागून आणले आहे. गणिती यांनी सांगितल्याप्रमाणे फक्त तुलना करते. सकाळी साडेसहाला रस्त्याच्या कडेला जो आकडा असतो, त्याच्या निम्म्याहून कमी दुपारी बागेत असतो. पंधरा दिवसांपैकी फक्त दोन दिवस याला अपवाद झाले, आणि त्या दोन्ही दिवशी वारा अगदी पडलेला होता. रस्त्याकडच्या खोलीत आणि मागच्या खोलीत मात्र मला वाटला होता तितका फरक नाही, म्हणजे तराजू यांचेही म्हणणे खोटे नव्हते. तरी बाबांचा पलंग मागच्या खोलीत हलवला आहे, तिथे हॉर्नचा आवाज तरी कमी आहे.

वही सुरू केली आहे. पंपाचा वापर थोडा कमी झाला आहे, पण तीन आठवडे ही मुदत लहान आहे आणि संक्रांतीपर्यंतची थंडी अजून जायची आहे, म्हणून त्यावर आज काही म्हणत नाही.

ट्रॉम्बेकर

वहीत वाऱ्याची दिशाही लिहावी. गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहिले तरी कळते.

सिग्नलवर_उभा

ताई, ते यंत्र तुमच्याकडे आणखी काही दिवस असेल तर एक दिवस माझ्या रिक्षात ठेवता येईल का? मानखुर्दपासून कुर्ल्यापर्यंत माझ्या नेहमीच्या फेऱ्या असतात. प्रत्येक सिग्नलवर किती आकडा होता हे मी वेळेसकट लिहून आणीन.

पूर्वेकडची (धागाकर्ती)

दादा, नक्की. यंत्र ५ जानेवारीपर्यंत माझ्याकडे आहे. मी तुम्हाला निरोप पाठवते. शक्य असेल तर दोन दिवस ठेवा, एक कामाचा आणि एक रविवारचा. चार्जिंगची तार सोबत देते.

गणिती

ते पुढे, तुमच्या तोंडाच्या उंचीवर बांधा आणि शेजारी अगरबत्ती लावू नका. नोंदी इथे टाकल्यात तर मी त्या जवळच्या केंद्राच्या त्याच तासांच्या नोंदींशेजारी मांडून देतो.